खिडकीवरचा फडका

मी माशांची एक जुनी काचपेटी आहे. चंद्रपूरच्या एका दुकानात माझ्या काचा चिकटवल्या, तेव्हापासून मी पाणी सांभाळते आहे. आजवर एक थेंब गळू दिला नाही, एवढा तोरा मला आहे.

मित्रांनो, मला आचलने घरी आणलं. तिचे बाबा इस्तारीभाऊ गावच्या तलावात जाळं टाकतात. त्याच तलावातली रोपं आचलने माझ्या रेतीत लावली आणि बारीक मासे सोडले. आल्यागेल्याने माझं कौतुक केलं. एक मासोळी गाभोळीने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, तट्ट फुगली होती. तिची पिल्लं पाहायला आचल आसुसली होती. पण मावशीकडच्या लग्नासाठी तिला जिवतीला जावं लागलं. "बाबा, हिले जपजा," ती म्हणाली.

त्यांनी जीव लावून जपलं, आणि तिथंच घात झाला. तलावात शेण टाकलं की पाणी हिरवं होतं, मासा पोसतो, हे त्यांचं नेहमीचं काम. त्यांनी मला खिडकीच्या उन्हात सरकवलं आणि शेणाचा काला ओतला.

"काऊन जी, वास येऊन राह्यला ना," आचलची आई प्रेमिलाबाई म्हणाली.

"येऊ दे. आता पाय, मासा कसा वाढते ते."

मग शेवाळ आलं. आधी काचेवर, मग पानांवर, मग मला बाहेरचं काही दिसेना. आत मासे वर तोंड काढून धापा टाकत होते आणि मला ओरडता येत नव्हतं. इस्तारीभाऊंनी ते पाहिलं. त्यांनी धावत पाणी बदललं, पण मासोळी उलटी तरंगत होती.

"मले तलावाचंच समजते, पोरी," ते लग्नाहून परतलेल्या आचलला म्हणाले. तिने सडकी पानं खुडली, काचा बोटाने घासल्या, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या, रोज थोडंथोडं पाणी बदललं, खिडकीला जाड फडका लावला. शेवाळ हटलं. फक्त माझ्या खालच्या सांध्यात तिचं बोट पोचलं नाही. तिथला हिरवा ठिपका जिवंत राहिला.

आता दुसरी मासोळी गाभोळीने भरली आहे. आचल पुन्हा जिवतीला गेली आहे, घरचे तलावावर आहेत. फडका खिळ्यावरून निसटला आहे. ऊन रेतीपर्यंत आलं आहे आणि ठिपका कालच्यापेक्षा मोठा दिसतो. मला भीती वाटते. मित्रांनो, आमच्या दारावरून जात असाल तर माझं कौतुक नको. आत या आणि तेवढा फडका ओढा.