सतरा सह्या माझ्या पाठीवर

"ह्या बाकाला काय धाड भरलीय? पेन टेकवला की हलून राहिलाय. एक धड टेबल मिळंना अन् निघालेत निवडणूक घ्यायला!"

ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी, सकाळी सातच्या आधी, एक कारकून माझ्या अगदी कानाशी असा कुरकुरला. मित्रांनो, तो बाक म्हणजे मी. मी एक जुना, बाभळीचा, शाळेतला बाक आहे. शिरूर अनंतपाळकडून आत वळलं की लागणाऱ्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा जन्म गेला. कारकुनाचं मी मनावर घेतलं नाही. एका दिवसाच्या पाहुण्याला घरातलं काय कळणार? मला काळजी वेगळीच होती. लातूरहून नीलम्मा आक्का मत द्यायला निघाली असणार, आणि यादीत तिचं नाव उरलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. ते माझ्याच पाठीवर कापलं गेलं होतं.

आधी माझं थोडं सांगतो. मला कंधारच्या रामकिशन सुतारानं घडवलं. रंधा मारताना तो म्हणाला होता, "बाभूळ हाय. करकरल, पर मोडायची न्हाई." माझ्यावर बसून दोन पिढ्या पाढे शिकल्या. पोरांनी कर्कटकानं आपली नावं कोरली. हेडमास्तर ओरडायचे, मला मात्र गुदगुल्या व्हायच्या.

निवडणूक आली की माझा मान वाढे. मला धुऊनपुसून माझ्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करत. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असे. नीलम्मा नवी नवरी होती. सासऱ्यानं दारापर्यंत येऊन बजावलं, "सांगितलंय तिथंच मार, सूनबाई."

"हाव मामा," ती म्हणाली, आत आली, पदर मागे सारला आणि मनाला आलं तिथे शिक्का मारला. कुठे, ते मला माहीत आहे. सांगणार नाही. मतदान गुप्त असतं, आणि बाकालाही इमान असतं. घरात भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा तिच्या हातात नव्हतं. इथे मात्र तिचा शिक्का सासऱ्याच्या शिक्क्याइतकाच जड. बाहेर जाताना ती गालातल्या गालात हसत होती. त्यानंतर तिचं एकही मतदान चुकलं नाही.

पुढे तिचा नातू संगमेश्वर दहावीला चांगले मार्क घेऊन पास झाला आणि डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला गेला. आमच्याकडे पोर एकटं जात नाही. त्याच्यामागे शेगडी जाते, तवा जातो आणि घरातली एक बाई जाते. मेसचं खाऊन पोरं आजारी पडतात, म्हणून आई नाहीतर आजी दोन वर्षं एका खोलीत राहून त्याला भाकरी करून घालते. शेत गावात, घर गावात, रेशनकार्ड गावात, जीवही गावातच. अशा सतरा बायका आमच्या गावातून गेल्या होत्या; घरचे पुरुष आधीच बाहेरगावी कामाला, म्हणून दारांना कुलपं.

मागच्या साली त्यांच्याच वॉर्डाची पोटनिवडणूक लागली, तेव्हा या सगळ्या दोन जीपगाड्या करून आल्या आणि मत देऊन गेल्या. नळ फक्त स्वतःच्या दारापर्यंत नेणारं पॅनल अकरा मतांनी पडलं. बायका ते विसरून गेल्या. पॅनल विसरलं नाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर पॅनलचा रेवणसिद्ध कागदांचा गठ्ठा घेऊन आला आणि माझ्यावर टेकला. उमादेवी शाळेत खिचडी शिजवते. पातेली घासून ती निघालीच होती. नीलम्माची ती भिंतीला भिंत लागून शेजारीण.

"वहिनी, बसा की जरा. नीलम्मा आक्का हल्ली गावात दिसंना?"

उमादेवीचं तोंड फुललं. "कशी दिसल? नातू डॉक्टर होऊन राहिलाय तिचा! लातूरलाच असती ती."

"अन् वेशीजवळच्या स्वप्नालीची आई?"

"ती बी तिथंच. पोरगी लई हुशार हाय हो. आईवर न्हाई गेली!"

मित्रांनो, ती एक अक्षर खोटं बोलली नाही. शेजारणीच्या पोरांचं कौतुक आल्यागेल्याला सांगायची आमच्या गावाला खोडच आहे. त्या खोडीचाच त्यानं विळा केला. एकेका अर्जावर एकेक नाव लिहायचं आणि तिच्यापुढे सरकवायचं. "करा सही. तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय." पहिल्या दोन सह्या तिनं बोलण्याच्या भरात ठोकल्या. तिसऱ्याला बोट ठेवून वाचलं. 'गाव कायमचे सोडून गेल्यामुळे नाव वगळावे.' पेन थांबला.

"कायमचं कुठं? येतील की त्या."

रेवणसिद्धानं आवाज चढवला नाही. "पुढल्या साली खिचडीचं काम कोणाला द्यायचं, ते अजून ठरायचंय, वहिनी."

बाकीच्या सह्या तिनं मान खाली घालून केल्या. पाचवा अर्ज नीलम्माचा होता; तो त्यानं मुद्दाम मागे ठेवला होता. पेन कागदातून माझ्यापर्यंत टोचत होता.

मग नोटिसा निघाल्या. कुलूप घातलेल्या सतरा दारांवर चिकटवल्या गेल्या. त्या वाचायला घरात कोणी नव्हतं, म्हणून कोणाची हरकत नाही असा शेरा पडला. सगळं कसं अगदी कायद्यानं! गावात कुणाला कळायचं राहिलं नाही, आणि लातूरला फोन मात्र कुणीच केला नाही. सणापर्यंत नोटिसा वाऱ्यानं उडून गेल्या होत्या; बायका आल्या, पुरणपोळी खाऊन गेल्या. तेवढा एक विषय सोडून सगळ्या गप्पा झाल्या.

मतदानाच्या दिवशी साडेनऊला नीलम्मा आली. पहाटे नातवाच्या दोन वेळच्या भाकरी थापून, एसटीत उभ्यानं प्रवास करून, हातात मतदानाचं कार्ड घेऊन. माझ्यापाशी परगावच्या ज्योत्स्ना मॅडम यादी घेऊन बसल्या होत्या.

"आजी, तुमचं नाव वगळलंय."

"मला वगळलं? अन् गावात ठिवलं कोनाला? नीट बघ बाई."

"कायमचं स्थलांतर, असं कारण आहे. कोणीतरी अर्ज दिला असणार."

"कोनी?"

"ते या यादीत नसतं, आजी. मी तुम्हाला मत देऊ देऊ शकत नाही."

भिंतीकडेला उमेदवारांची माणसं बसली होती, त्यांत रेवणसिद्धही. एकजण नखं बघू लागला. "कंपूटरची चूक असंल, आक्का," दुसरा म्हणाला. रांगेतून तिचा सख्खा दीर वीरण्णा बोलला, "जाऊ दे की वहिनी, पुढच्या टायमाला घालू नाव. एका मतानं काय आभाळ फाटतंय?" त्यालाही सगळं माहीत होतं. आपलं बोट शाईनं रंगवून घ्यायला तो मात्र विसरला नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा पाय बसवा, असं मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, माझं चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. यादी लागेल, तेव्हा आपलं नाव सापडलं म्हणून माघारी फिरू नका. शेजाऱ्याचंही शोधा. जो परगावी गेलाय, त्याचं तर आधी शोधा. नसेल तर त्याच दिवशी ओरडा. मतदानाच्या दिवशी ओरडून नुसता घसा बसतो.

एवढ्यात उमादेवी कर्मचाऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन आत आली. नीलम्मानं तिचं मनगट धरलं.

"उमे, तू तरी सांग ह्या बाईला. मी ह्या गावची हाय का न्हाई?"

उमादेवीनं किटली माझ्यावर ठेवली. रेवणसिद्ध खाकरला. तिनं तिकडे बघितलं नाही.

"कंपूटरचं काई न्हाई, आक्का," ती म्हणाली. "तू गाव सोडून गेलीस म्हणून मी सही केली. अन् हितं बसलेल्या समद्यांला ते ठावं हाय."