रडं थांबेल ते नाव

ओधियाम्बो माझा भाऊ कसा झाला ते आधी सांगते. तो केनियाचा, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा. माझा नवरा पांडुरंग आणि तो एकाच कंपनीत जहाजांची इंजिनं सांभाळणारे, आणि राहायला परदेशात, तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या एकाच ब्लॉकमध्ये, तो आमच्या वर. त्यांच्या ऑफिसातली मराठी मुलं मला ताई म्हणतात म्हणून तोही म्हणू लागला, आणि सख्खा भाऊ नसल्यामुळे मी ते फारच मनावर घेतलं. त्याच्या बायकोला, लिलियनला, मुलगी झाली तेव्हा मी जाहीर करून टाकलं, बारसं माझ्या घरी आणि आत्या मी.

पण बाळ महिन्याचं होत आलं तरी नाव ठरेना. ओधियाम्बोची आई रोझलिन गावी असते, निवृत्त शिक्षिका. तिचा एकच हट्ट, नातीचं नाव बर्नडेट ठेवायचं. आता देवाघरी गेलेली ही सिस्टर बर्नडेट त्यांच्या गावच्या मिशन शाळेची मुख्याध्यापिका होती. रोझलिन शाळकरी वयाची असताना काका तिला एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाले होते. ती पळून मिशनमध्ये आली. सिस्टरने दारात उभं राहून काकांना परत पाठवलं, रोझलिनला शिकवलं आणि मास्तरीण केलं.

पुढे ओधियाम्बोही त्याच शाळेत गेला. तिथे घरची लुओ भाषा बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे; पुढचा कुणी बोलला की ती त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना पाटी ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या. त्या मारायची तीच सिस्टर.

"तिच्यामुळे मी इंजिनिअर झालो, ताई," तो मला म्हणाला. "आणि तिच्यामुळेच अजून स्वप्नातसुद्धा घरची भाषा दबक्या आवाजात बोलतो. माझ्या मुलीला त्या नावाने हाक कशी मारू?"

त्यावरून मायलेकांचं फोनवर वाजलं आणि बोलणंच बंद झालं. मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत. माझी आई मिशनच्या शाळेत शिकलेली. 'आमच्या मॅडम' म्हटलं की ती हात जोडायची. त्याच मॅडम वर्गात शिरण्याआधी तिला कपाळावरचं कुंकू पुसायला लावायच्या, हेही ती सांगायची. मी एकदा विचारलं, राग नाही आला? म्हणाली, "आला की. पण माझी सही मला त्यांनीच शिकवली."

शेवटी मी आत्याचा अधिकार वापरला. "रविवारी बारसं. आईला स्काइपवर बोलाव. तोवर ठरलं नाही तर मी माझंच नाव, गिरिजा, ठेवून मोकळी होईन, मग बसा बोंबलत."

रविवारी पाळणा नव्हता म्हणून बाबागाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. घुगऱ्या केल्या. लिलियन म्हणाली, हे तर आमचं न्योयो, फक्त मका कुठाय? जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात रोझलिन, डोक्यावर चर्चला जायची निळी टोपी.

"गिरिजा, माझ्या मुलाला सांग, तो वाळलाय."

"ताई, आईला सांग, मी ठणठणीत आहे."

मी काय पोस्टमन आहे? पण बाळाला उचललं आणि तिने असा टाहो फोडला की भांडण ऐकूच येईना. मी कुर्रर्र केलं, थोपटलं, खुळखुळा वाजवला. उपयोग शून्य.

"थांबा," रोझलिन म्हणाली. "आमच्याकडे बाळ असं रडलं की गेलेल्या माणसांची नावं घेतात. ज्या नावाला गप्प होईल, ते माणूस परत आलं समजायचं. तेच नाव ठेवायचं."

ओधियाम्बो चकित झाला. "तू तर हे मानत नाहीस!" आईशी तो कितीतरी दिवसांनी थेट बोलला.

"नाहीच मानत. पण तुझी आजी मानायची."

ती एकेक नाव घेऊ लागली. नवऱ्याची आई, नणंद, चुलत सासू, कधीकाळी तापाने गेलेली कुणी जाऊ. बाळ रडतच होतं. नावं संपली.

ओधियाम्बोने माझ्या हातातून लेक घेतली. "आई, एक नाव गाळलंस."

"तुला चालत नाही ते."

त्याने दात घट्ट आवळले ते मला दिसले. मग तो वाकला आणि लेकीच्या कानात हळूच म्हणाला, "बर्नडेट."

बाळ दुप्पट जोरात रडायला लागलं.

आधी लिलियनला हसू फुटलं, मग रोझलिनला. हसता हसता ती डोळे पुसू लागली. "नको तर नको. तू एकदा ते नाव रागावल्याशिवाय घ्यावंस, एवढंच मला हवं होतं रे."

"मग आता कोण राहिलं?" ओधियाम्बोने विचारलं.

रोझलिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. पांढरे केस दिसले आणि ती एकदम म्हातारी वाटली.

"माझी आई," ती म्हणाली.

"तिचं नाव तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. सिस्टर म्हणायच्या, अशा माणसांची नावं आपल्या लेकरांना द्यायची नसतात. त्यांनी मला इतकं दिलं होतं, मी ऐकलं. मग घ्यायचंच सोडून दिलं. मला मिशनच्या वाटेला लावलं ते आईनेच. पळ म्हणाली, मागे बघू नको. आणि मी खरंच बघितलं नाही गं, गिरिजा."

बाळ तेवढं रडत होतं.

"अन्यांगो," रोझलिन म्हणाली.

रडं थांबलं.

खोटं कशाला सांगू, लिलियनने त्याच क्षणी लेकीला घेऊन छातीशी लावलं होतं. पांडुरंगाने तोंड उघडलं, "अगं, तिला भूक..." मी त्याच्या पायावर पाय दिला. इंजिनिअर माणूस, त्याला कारण सापडलं की राहवत नाही.

मी पुढे झाले, बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि म्हटलं, "अन्यांगो." आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात हे लिलियनला आधी सांगून ठेवलं होतं. तिने एका हाताने ते मनापासून घातले.

"गिरिजा," लॅपटॉपमधून आवाज आला, "पुन्हा म्हण."

मी म्हटलं.

"अजून एकदा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव मी लहानपणानंतर ऐकलंच नाही."

या वेळी माझ्याआधी ओधियाम्बोने लेकीला हाक मारली, त्याच्या घरच्या भाषेत, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात. नावापुढे अजून काहीतरी होतं. मी लिलियनकडे पाहिलं.

"आजी, घरात ये, म्हणतोय," ती म्हणाली.