बर्फावर भरलेली फी

मी एक जुना डबा आहे, आणि ऑरिनला हातोडा सापडेपर्यंतच तुमच्याशी बोलणार आहे. घाबरू नका मित्रांनो, वेळ भरपूर आहे. ऑरिन हेगस्टाडने आजवर कुठलीही वस्तू जिथे ठेवली तिथे शोधलेली नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटात, वाकड्या तळ्याच्या काठी, थोरल्या हेगस्टाडच्या शेडमध्ये झाला. अंगाने पत्र्याचा, रंगाने हिरवा, झाकण असं घट्ट की ते उघडताना भले भले देवभक्त नको ते बोलून जात. थोरला हेगस्टाड मोठ्या कढईत पाइनचं डांबर उकळून गाईंसाठी मलम करायचा. आमच्याकडच्या गोमाश्या तुम्ही पाहिलेल्या नाहीत. गोमाशी गोठ्याच्या पत्र्यावर बसली की गारा पडायला लागल्या समजून बायका वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. अशा गोमाश्यांना हे मलम बोटभर, शिंगाच्या मुळाशी लावलेलं पुरे. त्या सरळ कॅनडाची वाट धरत. कॅनडावाल्यांनी तक्रार केली होती म्हणतात. मी काही ते पत्र पाहिलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल छातीठोकपणे बोलणार नाही.

पण माझा खरा अभिमान माझ्या पोटावर आहे. तिथे लेबल आहे आणि लेबलावर सरकारी नोंदणीचा नंबर आहे. किडा मारणारं किंवा पळवणारं काहीही विकायचं, तर राजधानीत नोंदणी लागते. आणि ती टिकवायची, तर दर जानेवारीत फी भरावी लागते. ही फी एका चांगल्या दुभत्या गाईच्या किमतीएवढी. थोरला हेगस्टाड म्हणायचा, "वर्षातून एक गाय राजधानीला जेवायला जाते." कुरकुर करायचा, पण फी कधी चुकवली नाही. त्याच्यामागे थोरली मुलगी सोल्वेग कढईपाशी उभी राहिली. तिने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, डांबराचा वास कपड्यांतून कधी गेला नाही. नंबर गेला तर मलम गेलं, आणि मलम गेलं तर बापाचं म्हणून तिच्याकडे काही उरत नव्हतं. एवढं एक लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझा जीव का तळमळला ते कळेल.

लेबलावर आणखी एक वाक्य आहे. रिकामा डबा पुन्हा वापरू नये. तीनदा धुवावा, भोक पाडावं आणि टाकून द्यावा. हे वाक्य वाचलेला या गावातला एकमेव जीव म्हणजे मी. सोल्वेगचा धाकटा भाऊ ऑरिन याने माझ्यातलं शेवटचं मलम बोटाने निपटून काढलं आणि माझ्यात गळाला लावायच्या अळ्या भरल्या. ज्याने हयात गोमाश्या पळवण्यात घालवली, त्याच्या पोटात वळवळत्या अळ्या. कुणाला सांगावं? त्या अळ्यांना डांबराचा असा वास लागायचा की ऑरिनच्या गळाकडे मासे वळून बघत नसत. तो दोष तळ्याला द्यायचा.

आमच्याकडे जानेवारीत तळं दगडासारखं गोठतं आणि निम्मं गाव तळ्यावर राहायला जातं. बर्फावर लाकडी खोपटी ओढत आणतात, आत शेगडी पेटवतात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. दोन खोपट्यांमधल्या वाटेला रस्त्याचं नाव देतात, एक महापौर निवडतात, आणि चौकात खांबावर टपालपेटी लावतात. गंमत म्हणून. पण गावचा पोस्टमन डेल्मर स्वतःच गळ टाकायला यायचा आणि जाताना त्या पेटीतली पत्रं खिशात घालून न्यायचा. इतकी वर्षं हे चाललं की पेटी गमतीची आहे हेच लोक विसरले.

मग डेल्मर निवृत्त झाला. गुडघे धरले म्हणून ॲरिझोनाला, उन्हात राहायला गेला. गावाने त्याला निरोपाचं जेवण दिलं. ऑरिनने तिथे दोनदा केक घेतला. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. नवी पोस्टमनबाई शेजारच्या गावची होती, तिला मासे आवडत नसत.

त्या जानेवारीत सोल्वेगचं कंबरेचं हाड इतकं दुखत होतं की बर्फात पाऊल टाकणं शक्य नव्हतं. तिने फीचा चेक पाकिटात घातला, तिकीट चिकटवलं आणि ऑरिनच्या हातात दिलं.

"विसरणार नाहीस ना?"

"नाही, ताई."

"आठवणीने टाकशील?"

"पेटीत टाकतो की."

मित्रांनो, तो खोटं बोलला नाही. थेट तळ्यावर गेला आणि बर्फावरच्या पेटीत पाकीट टाकलं. मी त्याच्या काखेत होतो. ओरडायला तोंड होतं, पण त्यात अळ्या होत्या.

चेक वटला नाही याचं सोल्वेगला नवल वाटलं नाही. सरकार सावकाश जेवतं, एवढंच ती म्हणाली. पुढे राजधानीहून आठवणीचं पत्र आलं, की फी मिळालेली नाही. पत्र चांगलं सभ्य होतं. सोल्वेग मात्र तापली. तिने उत्तर लिहिलं की फी वेळेवर पाठवलेली आहे, आपले खण नीट शोधावेत. तिथे न थांबता खासदाराला वेगळं लिहिलं. दोन्ही पाकिटं तिने ऑरिनकडे दिली, आणि ऑरिनने ती कुठे टाकली असतील हे आता तुम्हीच सांगा. सरकारी फी, सरकारला उत्तर आणि सरकारची तक्रार, तिन्ही एका पेटीत, खाली मासे. मी तर म्हणतो, ते मासेसुद्धा तोंडावर कल्ले धरून हसले असतील.

मार्चमध्ये बर्फ पातळ व्हायच्या आत सगळी खोपटी काठाला आणावी लागतात. ऑरिनने पेटी खांबासकट उपटून गाडीत टाकली. आत खडखड झालं. शेजारची लव्हर्नबाई, जिच्या गाई माझं मलम लावून मोठ्या झाल्या, ती तिथेच उभी होती.

"आत काहीतरी वाजतंय रे," ती म्हणाली.

"असेल," ऑरिन म्हणाला. "टपाल आहे. टपाल उघडणं गुन्हा आहे."

"ते बरोबर आहे," लव्हर्नबाई म्हणाली आणि घरी गेली.

इतकी कायद्याला धरून चालणारी माणसं! पेटी गोठ्यात फळीवर ठेवली आणि शेजारी मला. सगळा वसंत ऋतू मी त्या पेटीला चिकटून बसलो होतो. आत सोल्वेगचा जीव होता, बाहेर मी होतो, मध्ये पत्रा होता.

उन्हाळ्यात यादी आली. ज्यांनी फी भरली नाही त्यांच्या नोंदण्या रद्द. यादीत मोठमोठ्या कंपन्यांनी नको म्हणून सोडून दिलेली औषधं होती आणि त्यांच्या गर्दीत आमचं मलम, जणू लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेलं पोर. आधी केलेला माल येत्या जानेवारीपर्यंत विकता येईल, नवा करता येणार नाही. सोल्वेगने शेगडी विझवली. ती रडली नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला कॉफी देऊन ती राजधानीची खरडपट्टी काढायची: गाय खाल्ली, ढेकर दिली नाही, वर म्हणतात वाढलंच नाही. लोक माना डोलवायचे. ऑरिन सगळ्यांत जोरात डोलवायचा.

आणि मग गांधीलमाश्यांनी पेटीत घर केलं. लव्हर्नबाईच्या कुत्र्याला त्या चावल्या, तेव्हा सोल्वेग शिल्लक मालातला मलमाचा एक डबा घेऊन गोठ्यात आली. ऑरिनने पेटीच्या तोंडाभोवती मलम माखलं. गांधीलमाश्या रांगेने बाहेर पडल्या, शेवटचीने तर वळून नमस्कार केल्यासारखं केलं. ऑरिनने दार उघडलं.

आत कागदाचं पोळं होतं. गांधीलमाशी लाकूड चघळून कागद करते हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. यांना चघळायला आयता कागद मिळाला होता. पोळ्याच्या एका भिंतीवर टपालाचं तिकीट होतं. दुसऱ्या भिंतीवर निम्मी सही होती: 'सोल्वेग हे'. किडे पळवायची फी किड्यांनीच खाऊन वर त्यात संसार थाटला होता. हे मी फुगवून सांगत नाही. फुगवून सांगायला यात जागाच कुठे आहे?

सोल्वेगने वाकून ती सही वाचली. मग म्हणाली, "मी उन्हाळाभर त्या लोकांना शिव्या दिल्या."

"मीही दिल्या," ऑरिन म्हणाला.

"तू गप्प बस."

तिने राजधानीला फोन लावला. पलीकडे एक तरुण बाई होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पोळ्याचा भाग तर दोनदा सांगायला लावला. पण गेलेला नंबर परत येत नव्हता. नव्याने अर्ज करायचा, नव्याने चाचण्या करायच्या, आणि त्याला तालुक्यातल्या सगळ्या गाई विकल्या तरी पुरलं नसतं. सोल्वेगने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. ऑरिनने आपलं खोपटं विकायला काढलं. ती म्हणाली, ठेव, नाहीतर हिवाळाभर माझ्या डोळ्यांसमोर बसशील.

आज सकाळी तिने मला उचललं. अळ्या ओतून दिल्या. चष्मा लावून माझं लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तीनदा धुतलं, व्हरांड्यातल्या ओंडक्यावर ठेवलं आणि ऑरिनला खिळा-हातोडा आणायला सांगितलं.

"ताई, बाबांच्या हातचा हा शेवटचा डबा," तो म्हणाला. "फळीवर राहू दे की."

"म्हणूनच सांगते. आपल्या घरात एकदा तरी लिहिलेलं वेळेवर होऊ दे."

खिळा त्याला सापडला, हातोडा नाही. मघापासून तो शेड, गोठा, गाडी, परत शेड असा फिरतोय.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. पाकीट कुणाच्या हाती दिलं म्हणजे पोचलं असं समजू नका. कुठल्या पेटीत टाकणार ते विचारा. पेटीत काही वाजलं तर उघडून बघा. आणि डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचा, डबा रिकामा व्हायच्या आधी. माझ्यापुरतं मागणं लहान आहे: खिळा मारताना नंबर तेवढा सोडून मारा.

"ताई, हातोडा पाहिलास का?" ऑरिन शेडमधून विचारतोय.

"नाही बाई," सोल्वेग म्हणते आणि कॉफीचा घोट घेते.

ती माझ्या शेजारीच बसली आहे. तिच्या मांडीवर शाल आहे. शालीखालून हातोड्याचा दांडा बाहेर आला होता, तो तिने आत्ताच आत ढकलला.