मावशीचं वय क्ष मानू

आमच्या आजोबांचा एक नियम आहे. गणितात खोटं घालायचं नाही. पुस्तकातल्या हौदात पाणी सोडणारे नळ त्यांना फालतू वाटतात. उदाहरण घरातलं हवं आणि उत्तर खरं हवं. मागच्या आठवड्यात त्यांनी मला गुणोत्तराचं उदाहरण घातलं: चोवीस बिस्किटं बाबांनी आणि बाकीच्यांनी पाचास तीन या प्रमाणात खाल्ली. बाबांच्या वाटची पंधरा आली. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं, त्यामुळे ते उत्तर आईने माझ्याआधी तपासलं आणि बाबांचं बिंग फुटलं. तेव्हापासून मी वही उघडली की घरातल्या मोठ्या माणसांचं धाबं दणाणतं.

रविवारी दुपारी घड्याळवाले काका मावशीला भेटायला आले. दोघांचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. अडचण एवढीच, की ते चव्वेचाळीसचे, आणि मावशीने स्वतःचं वय त्यांना चाळीस सांगितलं होतं. खरं किती, ते ती मलासुद्धा सांगत नसे. आजोबा महिनाभर तिच्या मागे लागले होते, "त्यांना खरं सांगून टाक."

"सांगितलं आणि ते उठून गेले तर?" मावशी म्हणायची. चेष्टा बाजूला ठेवून सांगते, ती खरंच घाबरली होती. ते यायचे त्या दिवशी ती सकाळपासून घरभर गुणगुणत फिरायची.

दुसऱ्या दिवशी माझा बीजगणिताचा पेपर. त्यामुळे आजोबांनी पाहुण्यांसमोरच मला वही काढायला लावली. मावशी चहा घेऊन आली, तसा त्यांनी घसा साफ केला.

"घे लिहून. मावशीच्या वयाच्या पाचपटीतून चार वजा केले, तर ते चौपटीत बेचाळीस मिळवल्याएवढं होतं. वय क्ष मान आणि काढ. मग सांग, क्ष चव्वेचाळीसपेक्षा लहान की मोठा?"

मावशीने काकांपुढे धरलेली कपबशी मागे घेतली. मी मनातल्या मनात सोडवून मोकळी झाले होते. शेहेचाळीस. म्हणजे ती काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. आजवर मी चुकायचे ते आपोआप. मुद्दाम चुकायची ही पहिलीच वेळ. वजा चार पलीकडे नेले आणि चिन्ह तसंच ठेवलं. बेचाळीसातून चार गेले.

"अडतीस," मी म्हणाले. "चव्वेचाळीसपेक्षा लहान."

मावशीने सांगितलेल्या वयातून मी आणखी दोन वर्षं उडवली होती. आजोबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात काकांनी वही स्वतःकडे ओढली.

"हे चिन्ह बदलायचं राहिलं," ते म्हणाले. वजा चारचे त्यांनी अधिक चार केले, खाली सुबक अक्षरात शेहेचाळीस लिहिलं आणि लहान-मोठ्याचं चिन्हही उलटं फिरवलं.

बाबा छताकडे बघत बसले. मावशीने कपबशी खाली ठेवली.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "जायचं असेल तर जा."

"मला माहीत होतं," काका म्हणाले. "तुम्ही माझ्याकडे दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळाच्या मागे कोरलंय, दहावीत पहिली, आणि वर्ष."

"त्याला दोन वर्षं झाली."

"हो."

"मग इतके दिवस मूग गिळून बसलात, आणि आजच सगळ्यांसमोर का?"

"अहो, हिचा उद्या पेपर आहे. चुकलेलं चिन्ह तसंच कसं सोडू?" त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "पुन्हा सोडव. आणि या वेळी मुद्दाम चुकू नकोस."

मावशीने डोळे पुसले. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"सोडव," ती मला म्हणाली. "आणि उत्तर मोठ्याने वाच."