शेंगोळीवर अर्धं अंडं

माणूस कसा आहे ते त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये, ताटात काय उरवतो त्यावरून ठरवावं, असं हर्षालीचं मत. ती पशुखाद्याच्या दुकानात हिशेब सांभाळायची. त्यामुळे मतं तिच्याकडे भरपूर होती, पण वजन केल्याशिवाय एकही बाहेर पडत नसे.

जुन्नरात ती आणि आणे गावची आरोही एका खोलीत राहायच्या. तांदूळ हर्षालीच्या घरून, मढहून यायचा. बाजरी आणि हुलगे आरोहीची आई ठकूबाई आण्याहून पाठवायच्या. भाजी बाजार उठता उठता घ्यायची, कारण तेव्हा घाई विकणाऱ्याला असते. एवढ्यावर दोघी पोटभर आणि चांगलं जेवत. आरोही कापडाच्या दुकानातून उशिरा यायची. तिच्या वाटची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची.

जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, एक भाग बघायचा, हा नेम. सध्या घाटाखालच्या एका खानावळीची मालिका चालू होती. आरोही त्यातल्या एकेका पात्राची अशी चिकित्सा करी, की जणू सोयरीकच जमवायची आहे. तिचं म्हणणं, तलवार काय कुणीही फिरवतं. भूक दोघांना आणि वाटी एकच, अशा वेळी माणूस काय करतो हे ज्याला लिहिता आलं, त्यालाच पात्र लिहिता आलं. हर्षालीला हे पटायचं. अडचण एवढीच, की पडद्यावरचे सगळे नूडल्स इतक्या चवीनं ओढत, की आरोहीला ताटातली भाकरी गोड लागेनाशी झाली. एकदा तिनं तसल्या नूडल्सचं पाकीट आणलं. त्या पैशांत आठवड्याची भाजी आली असती, आणि रस्सा निघाला साखरपाण्यासारखा.

मग एका संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, की एक तारखेपासून ती लंकाबाईंची मेस लावणार. रोज तेच तेच खाऊन कंटाळा आलाय. लंकाबाईंकडे एक खोलीही रिकामी होती, राहायलाही तिथंच जायचं होतं आणि ॲडव्हान्स देऊन झाला होता.

हर्षाली "बरं" म्हणाली आणि मनात बेरीज मांडली. एकटीला भाडं झेपणार नव्हतं. मढहून रोज ये-जा करावी, तर एसटी पोचेपर्यंत दुकान उघडून तास झालेला असणार. म्हणजे खोली गेली की नोकरीही गेली. पण निघालेल्या माणसाला रडून थांबवणं तिच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाईक टिकतं ते मालावर, हे दुकानात रोज दिसत होतं.

तिनं ठकूबाईंना फोन लावला आणि हुलग्याच्या पिठाचं नूडल्ससारखं काही होतं का, असं आडवळणानं विचारलं. ठकूबाई म्हणाल्या, शेंगोळी कर की, आमची पोर लहानपणापासून वळतीय. मग जरा थांबून म्हणाल्या, "पर ती तुला सांगायची न्हाई. शेंगोळी म्हंजी गरिबाचं खाणं, परक्याफुडं काढू नये, असं आमीच तिच्या डोक्यात भरलंय."

हर्षाली पडली मढची, हात तांदळाला सरावलेला. तांदळाच्या भाकरीला काढतात तशी तिनं सवयीनं हुलग्याच्या पिठाची उकड काढली आणि वळलेलं सगळं रश्श्यात विरघळलं. आरोही यायच्या आत ते तिनं पिठलं म्हणून एकटीनं संपवलं. दुसऱ्या दिवशी गार पाण्यात पीठ घट्ट मळलं, तळहातावर वळ्या वळल्या आणि लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडल्या. वाडग्यात वाढून वर कोथिंबीर आणि अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं, अगदी त्या खानावळीत देतात तसं.

आरोहीनं वाडग्यात डोकावून बघितलं. "ही शेंगोळी हाय. अंडं ठेवलं म्हणून जपानी व्हईल व्हय?"

खा तर आधी, हर्षाली म्हणाली. आरोही मोबाइल लावून खायला बसली.

त्या दिवशीच्या भागात खानावळीच्या म्हातारीचा उलगडा झाला. सगळे तिला चिक्कू म्हणायचे, कारण पळी कधी भरून वाढत नसे. कारण कळलं ते असं, की घाट उतरून सगळ्यात शेवटी येणाऱ्यासाठी ती राखून ठेवायची. आरोहीनं डोळे पुसले.

"लई भारी लिहिलीय. राखून ठेवती, पण एकदा बी तोंडानं सांगत नाय."

"म्हातारीनं राखलेलं दिसतं तुला," हर्षाली म्हणाली. "फडक्यातली भाकरी रोज कोण राखतं? मला कुणी लिहिली नाय म्हणून दिसत नाय व्हय?" आणि तोंड उघडलंच आहे तर खोलीचं आणि नोकरीचंही सांगून टाकलं.

"मग हे आधी सांगायचं ना बाई."

"म्हातारी सांगती का?"

आरोहीनं वाडगा तळापर्यंत चाटूनपुसून साफ केला. मग बाह्या वर सारल्या.

"सरक. लसूण कमी पडलाय, अन् वळ्या का मुसळं म्हणायची ही? आण पीठ इकडं."

मेस रद्द झाली. ॲडव्हान्स परत मिळणार नाही, त्या पैशांचं जेवून जा, असं लंकाबाईंनी कळवलं. म्हणून रविवारी दोघी वसुलीला गेल्या. आमटी पातळ होती. लंकाबाई वाढता वाढता दाराकडे बघत होत्या आणि पातेल्याच्या तळाशी थोडी आमटी मागे ठेवत होत्या.

"ही बी बरी लिहिलीय," हर्षाली हळूच म्हणाली.

"आमटी सोडून," आरोही म्हणाली, आणि तिनं आणखी भात मागितला.