मक्याच्या पानामागची माशी

मी एक गांधीलमाशी बोलतेय. दचकू नका, मला तुम्हाला डंख मारता येत नाही. टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारख्या दोघी-तिघी आरामात बसतील. शास्त्रज्ञ मला ट्रायकोग्रामा म्हणतात. नाव माझ्यापेक्षा मोठं आहे, पण ते काही मी ठेवलेलं नाही.

आईचं तोंड मी पाहिलं नाही. तिने मला एका पतंगाच्या अंड्यात ठेवलं आणि ती गेली. त्या अंड्यातला गर खाऊन मी वाढले. पतंग जन्मला नाही, मी जन्मले. आमची जातच तशी आहे. गोड मध देणाऱ्या बहिणींसारखं आमचं कौतुक होत नाही, ते बरोबरच आहे.

मी वाढले ती प्रयोगशाळेची एक लांबट खोली होती. तिथल्या ताई तांदळाच्या कण्यांवर पतंग पाळायच्या, त्यांची अंडी डिंकाने जाड कागदावर चिकटवायच्या आणि आमच्या आयांना त्यांवर सोडायच्या. असे कागद त्या थंड पेटीत जपून ठेवायच्या. थंडीत आमची वाढ मंदावते. मीही तशीच अर्धवट झोपेत पडून होते.

एका संध्याकाळी ताईंनी माझा कागद आपल्या थोरल्या भावाच्या मक्यात आणला. वहिनी पानं उलटून धरत होत्या आणि ताई मागच्या बाजूला कागदाचे तुकडे टाचत होत्या. दादा बांधावर उभे होते.

"मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणतात," दादा म्हणाले. "इथे तर मूर्तीच दिसत नाही."

"दिसायला हवी कशाला? काम झाल्याशी मतलब," वहिनी म्हणाल्या.

सकाळी मी अंड्याला भोक पाडून बाहेर आले. पंख वाळले तशी पानापानांवर चालत सुटले. खोडकिड्याची मादी पानामागे अंडी घालते, माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक. त्यातून निघालेली अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत शिरते, मग खोड पोखरते. मी अंडी हुंगली, त्यांवर चढले आणि एकेका अंड्यात माझं एकेक अंडं ठेवत गेले. माझ्या बहिणीही त्याच कामात होत्या.

पण आमच्या आधीच काही अळ्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दादांना ओळीतले काही पोंगे सुकलेले दिसले. एक त्यांनी ओढला, तो अलगद हातात आला. ते घरी गेले आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आले. मागोमाग वहिनी आणि ताई आल्या.

"अहो, थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "मागच्या हंगामात औषध डोळ्यांत उडालं, तेव्हा मी घास भरवत होते तुम्हाला."

"आणि पीक गेलं तर घास कुठून आणशील?"

दादा ताईंकडे वळले. "तू तिकडे खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे माझं शेत वाळतंय."

"वाळलेलं परत येणार नाही, दादा," ताई शांतपणे म्हणाल्या. "खोडात गेलेल्या अळीला माझी माशी काही करू शकत नाही. तुझं औषधही तिथवर सहज पोचत नाही. पण जी अजून अंड्यात आहे, तिचा बंदोबस्त आजच चालू आहे. आता फवारलंस, तर तो बंदोबस्त करणाऱ्या माश्याच मरतील."

त्यांनी मी होते तेच पान उलटलं आणि भिंग पुढे केलं. पंपाची नळी माझ्या अगदी जवळ आली होती. तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. उडून जावंसं वाटलं, पण अर्धी अंडी राहिली होती. मी काम सोडलं नाही.

भिंगाआड एक मोठा डोळा आला. कोपऱ्यात लाल, मागच्या हंगामाची खूण असलेला.

"हलतेय," दादा म्हणाले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग पाठ सरळ करत म्हणाले, "किती दिवस थांबायचं?"

"अंडी काळी पडेपर्यंत. काळं पडलं की समजायचं, आत अळी नाही, माशी वाढतेय. मी रोज येऊन बघेन."

"तू कशाला? शेत माझं आहे, मीच बघेन." त्यांनी पंप उतरवला.

ते रोज आले. जी अंडी आधी पांढरट होती, ती आज काळीभोर झाली आहेत. त्यांतून अळ्या निघणार नाहीत. सगळा मका वाचला असं मी म्हणणार नाही. बांधाकडची रोपं गेली, काही अंडी आमच्या नजरेतून सुटली. उरलेलं शेत मात्र हिरवं आहे. मघाशी दादा शेजाऱ्याला इथे घेऊन आले होते. "हळू धर पान," असं त्याला दोनदा बजावलं त्यांनी.

माझे पंख आता फाटले आहेत. कणसं भरलेली मी पाहणार नाही, माझ्या लेकींनाही भेटणार नाही. आमच्यात आई कधी थांबत नाही. एवढंच मागते, पंप भरण्याआधी एखादं पान उलटून बघा. खाली काळी अंडी दिसली, तर पान हलकेच सोडून द्या. आत बाळं झोपली आहेत.