गाडी काय म्हणते?

मी मोटारसायकल बोलतेय. पण तुम्ही रस्त्यावर बघता तसली नाही. मला पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही. साधा स्टँडसुद्धा नाही. मला उभं करायचं तर मागच्या चाकाला वेगळी लोखंडी घोडी लावावी लागते. मी फक्त ट्रॅकवर पळण्यासाठी आहे. तिथे समोरून कोणी येत नाही, म्हणून दिवा नको. मागे बघायचं नसतं, म्हणून आरसे नकोत.

आरसे नसल्यामुळे माझ्यावर कोण बसलंय ते मला कधीच दिसत नाही. मी ते वजनावरून ओळखते.

जन्मले तेव्हा मला सगळं होतं. कारखान्यातून बहिणींच्या रांगेत बाहेर पडले, तेव्हा दिवे, आरसे, पाठीमागे बसणाऱ्यासाठी मऊ गादी, असा सगळा थाट होता. मग पहिला मालक आला आणि त्याने एकेक करून ते सगळं उतरवलं. वाईट वाटलं नाही. हलकं वाटलं. त्याचं वजन अडुसष्ट किलो. डावीकडे जरा जास्त कलून बसायचा. निघण्याआधी माझ्या टाकीवर बोटाने दोनदा वाजवायचा, टक टक. दारावर वाजवून आत येऊ का विचारावं, तसं.

एका स्वच्छ सकाळी तिसऱ्या वळणावर आम्ही दोघं पडलो. त्याला उचलायला सहा जण धावले, मला उचलायला दोन. मला उचलणारे म्हणाले, "गाडीला फार काही झालं नाही." त्याच्याबद्दल कोणी काहीच म्हणालं नाही. तेव्हाच मला कळलं.

त्यानंतर मी मामांच्या दुकानात आले. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या, हा मामांचा धंदा. मामा म्हणायचं कारण दुकानात त्यांची भाची काम करते, आणि तिचं बघून सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामांनी माझं फुटलेलं फायबरचं आवरण बदललं, वाकलेलं हँडल बदललं. मग हँडलच्या खाली, माझ्या मानेवर, त्यांचा अंगठा थांबला. मी म्हणजे माझी चॅसी, आतला सांगाडा. इंजिन, चाकं बदलता येतात. माझा नंबर कोरलाय तो चॅसीवर. आणि चॅसीच्या मानेला तडा होता.

मामांनी त्यावरून नख फिरवलं. मग स्वतःशीच म्हणाले, "केसाएवढा आहे. काही होत नाही."

मोठी माणसं हे "काही होत नाही" इतक्या खात्रीने म्हणतात की, ज्याला काहीतरी झालेलं असतं, तोही गप्प बसतो. मामांनी वर रंग मारला. दोन हात दिले. तडा दिसेनासा झाला.

"हिचा मालक तर आपल्याकडे यायचा ना?" भाचीने माझ्याकडे बघून विचारलं. "टाकीवर टकटक करणारा? त्याने गाडी का विकली?"

"बाहेरगावी गेला," मामा म्हणाले. "घाईत होता."

पुढे जो कोणी विचारील त्याला मामांनी हेच सांगितलं. बाहेरगावी गेला. इतक्यांदा सांगितलं की, बहुतेक माझ्या त्या मालकालाही ते खरं वाटलं. कारण तो गेलाच नाही. रंग वाळत होता, दुकानात दुपारचं ऊन आलं होतं, भाची काउंटरवर डबा खात होती, आणि माझ्या सीटवर अडुसष्ट किलो वजन येऊन बसलं. डावीकडे जरा जास्त.

महिन्याभराने मला दातांच्या डॉक्टरने घेतलं. बारीक अंगाची, तिशीच्या आतली बाई. हात इतके स्थिर की, माझ्या क्लचला तिने बोट लावलं तेव्हा मला ते आधी जाणवलंच नाही. बरोबर तिचा दादा होता.

"दुसऱ्यांचे दात बसवून कंटाळली," दादा म्हणाला. "आता स्वतःचे पाडून घ्यायची हौस आलीय."

"दादा, तू गप्प बसायचे काय घेशील?"

"गाडी फुलासारखी आहे," मामा म्हणाले. "ट्रॅकवर दोनदाच गेलीय."

डॉक्टरने भाचीकडे पाहिलं. बायका अशा वेळी एकमेकींकडे बघतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. "खरंच?"

"मी सांगते ना," भाची म्हणाली. "निर्धास्त घ्या." तिला मामांनी जे सांगितलं होतं, तेच तिने सांगितलं.

या भाचीची एक सवय होती आणि मामांना ती अजिबात पसंत नव्हती. विकलेल्या गाडीच्या मालकाला ती फोन करायची. दुसऱ्या दिवशी एकदा, आठव्या दिवशी एकदा, महिन्याने एकदा.

"चाळीस वर्षं गाड्या विकतोय," मामा कुरकुरायचे, "कुणाला विचारायला गेलो नाही. मुलगी सासरी पाठवून रोज फोन करावा तसं चाललंय तुझं."

"मग मुलगी तिकडे धड आहे की नाही, हे विचारायला नको?"

दुसऱ्या दिवशी फोन आला. डॉक्टरने तो माझ्या टाकीवर ठेवला आणि हातमोजे घालत बोलायला लागली. भाचीचा आवाज माझ्या अंगातून घुमला. "नमस्कार डॉक्टर. गाडी काय म्हणते?"

सगळेच असं विचारतात. धंदा काय म्हणतो, तब्येत काय म्हणते. उत्तर माणसानेच द्यायचं असतं, "मस्त" म्हणून मोकळं व्हायचं असतं. पण माझ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मी काय म्हणते ते विचारत होतं. मी काय काय म्हटलं असतं! म्हटलं असतं, मान दुखते. म्हटलं असतं, मी रिकामी नाही.

"मस्त आहे," डॉक्टर म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती मला पहिल्यांदा ट्रॅकवर नेणार होती. तो दिवस मी मोजत होते. ट्रॅकच्या सरळ पट्टीवर मी ज्या वेगाने जाते, त्या वेगात पुढचा ब्रेक कचकन दाबला की सगळं ओझं मानेवर येतं. अंगावर बसून राहिलेल्या त्या वजनाने तडा आता केसाएवढा राहिला नव्हता. शनिवारी मान तुटणार, आणि तुटेल तेव्हा माझ्यावर ही स्थिर हातांची बाई असणार. ते मला माहीत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

बुधवारी दादाने मला घोडीवर लावून माझे शॉकअप मोजायला घेतले. याची रीत सोपी आहे. गाडी रिकामी असताना मागची उंची टेपने मोजायची, मग माणूस बसवून मोजायची. वजनाने गाडी किती दबते ते कळतं, त्यावरून स्प्रिंग घट्ट की सैल करायची.

"उतर खाली," दादा म्हणाला. "रिकामी मोजतो."

"अरे, मी बसलेच नाहीये."

दादाने वर पाहिलं. डॉक्टर चार हात लांब, भिंतीला टेकून उभी होती. त्याने पुन्हा टेप लावली. "मग ही दबलीय कशाने?"

"स्प्रिंग गेली असेल."

"गेलेली स्प्रिंग दोन्हीकडे सारखी बसते गं. ही डावीकडे कललीय." त्याने हात लावून मला सरळ केलं. सोडल्यावर मी पुन्हा डावीकडे गेले. दादा हसला, पण टेप गुंडाळताना त्याने माझ्याकडे पाठ केली नाही.

गुरुवारी, आठव्या दिवशी, दुपारी दोनला भाचीचा फोन आला. "गाडी काय म्हणते?"

"स्प्रिंग थोडी..." डॉक्टर बोलायला लागली आणि थांबली. "एक आवाज येतो. बारीक. तुम्ही हसाल."

"हसायला नाही ठेवलं मला दुकानात. फोन गाडीजवळ न्या. इंजिन बंद ठेवा. पुढचा ब्रेक दाबा, गाडी पुढे ढकला, आणि सोडा."

डॉक्टरने फोन माझ्या मानेशी धरला. ब्रेक दाबला, ढकललं, सोडलं.

"बघा, एकदा वाजलं," डॉक्टर म्हणाली.

पलीकडून भाची म्हणाली, "दोनदा."

"नाही हो, एकदाच. मी इथे उभी आहे."

"परत करा."

डॉक्टरने परत केलं. तडा एकदाच वाजला. ते मला पक्कं माहीत आहे, मान माझी आहे. दुसरी टक टाकीवर झाली, आणि ती डॉक्टरला ऐकू गेली नाही. फोनमधून भाचीला गेली.

"डॉक्टर," भाचीचा आवाज बदलला होता, "गाडीला हात लावू नका. मी येते."

ती आली तेव्हा तिच्या हातात पान्यांची पेटी होती आणि अंगावर दुकानातलाच तेलकट शर्ट. जेवणही सोडून आली असावी. तिने माझं फायबर उतरवलं. डॉक्टर शेजारी बसली आणि स्वतःच ब्रेक दाबून सोडून बघायला लागली. चार-पाचदा बघितल्यावर तिचा चेहरा गंभीर झाला.

"दाबताना वाजत नाहीये," ती म्हणाली. "सोडताना वाजतंय."

"म्हणजे?"

"दाताला तडा असला की चावताना तेवढं दुखत नाही. चावलेलं सोडलं की कळ येते. तडा दाबून मिटतो, सोडला की उघडतो. पेशंट सांगतात ते कोणाला पटत नाही, सगळे म्हणतात मनाचे खेळ."

ती आत गेली आणि एक छोटी बाटली घेऊन आली. दातातला तडा शोधायला ती जो निळा रंग लावते, तो. भाचीने पात्याने मामांचा रंग खरवडला. डॉक्टरने कापसाने निळा रंग लावला, थोडं थांबली, मग पुसून काढला. सगळं पुसलं गेलं. एक रेघ राहिली. माझ्या मानेभोवती अर्धी फिरलेली, बारीक निळी रेघ.

भाचीने मामांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"मामा, हिच्या मानेला तडा होता?"

"केसाएवढा होता. काही होत..."

"आणि तो? टकटक करणारा? तो कुठे आहे?"

"ग्राहकासमोर असं बोलतात का? ठेव फोन."

"ग्राहकासमोरच बोलायचं असतं हे. मामा, तो कुठे आहे?"

"गेला," मामा म्हणाले. "तिसऱ्या वळणावर."

भाचीने फोन ठेवला. डॉक्टरकडे बघायला तिला वेळ लागला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण तोंड माझं होतं. दुकान तुम्हाला नवी चॅसी बसवून देणार, तिचे कागद हातात ठेवणार. आणि शनिवार चुकवू नका, माझी गाडी घेऊन जा."

"मामा ऐकतील?"

"मामांना विचारतंय कोण?"

डॉक्टर शनिवारी भाचीच्या गाडीवर गेली आणि धड परत आली. माझं इंजिन, माझी चाकं, माझी टाकी आता नव्या चॅसीवर आहेत. शॉकअप परत मोजले. रिकामी मोजली की ती रिकामीच भरते. म्हणजे तो त्यांच्याबरोबर गेला नाही.

उरले मी, नुसती चॅसी. एरवी अशी चॅसी एका हाताने उचलतात. आज सकाळी मामा दोन्ही हातांनी उचलत होते आणि त्यांना धाप लागली होती.

"एक वेल्डिंग मारलं तर अजून..." त्यांनी सुरुवात केली.

"मारलं की कोणीतरी बसणार," भाची म्हणाली. तिने मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि करवत त्यांच्या हातात दिली. "कापा. तुम्हीच. रंगही तुम्हीच मारला होतात."

"पोरी, हात दुखतात माझे."

"दुखू देत."

मामांनी करवत लावली. तिचे दात माझ्या मानेत रुतले. अर्ध्यावर आल्यावर करवत अडकली, वरून कोणीतरी दाबून धरावी तशी. मामांच्या कपाळावर घाम आला. भाची त्यांच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्याला कोणीच सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

चाळीस वर्षं कुणाला काही विचारायला न गेलेला माणूस माझ्याकडे, माझ्या वरच्या रिकाम्या जागेकडे, बघत राहिला. त्यांचे ओठ दोनदा हलले.

"तू बाहेरगावी नाही गेलास, बाळा," मामा म्हणाले. "त्या दिवशीच गेलास. मला माहीत होतं. मी कुणाला बोललो नाही."

माझ्यावरचं वजन हललं. आता, मी हे बोलतेय तेव्हा, ते सगळं उजव्या बाजूला झुकलंय. खाली उतरताना माणूस झुकतो, तसं. एक पाय जमिनीला लागलाय. दुसरा अजून माझ्यावर आहे.

पण मामा रडतायत, आणि करवत थांबलीय.

मामा, डोळे नंतर पुसा. हात थांबवू नका. दोनच बोटं राहिलीत.